चुलीवर ठेवलेली बाटली

आमच्या घरापासून एसटीच्या नाक्यापर्यंत सगळी मिठागरं होती. मधे एक झाड नव्हतं. बांधाबांधाने चालत गेलं की पंचवीस मिनिटं लागायची, आणि नाक्यावरून मागे वळून पाहिलं तर घर काडेपेटीएवढं दिसायचं. मी पेणच्या कॉलेजात जाऊ लागलो तेव्हापासून आईने एक रीत पाडली होती. मी नाक्यावर पोचलो असेन असा अंदाज घेऊन ती घरामागच्या बांधावर चढायची, दोन्ही तळवे तोंडाशी धरायची आणि हाळी द्यायची, "पोचलास कायऽऽ?" मी इकडून "होऽऽ" म्हणायचो. मग ती कामाला लागायची आणि मी एसटीत चढायचो.

तिला घड्याळ कळत नव्हतं, पण हाळीची वेळ कधी चुकली नाही. आवाज तर गावाला ठाऊक होता. खाडीच्या उधाणाचं पाणी बांधाला लागलं की माणसं आधी तिला शोधायची. तिची एक हाळी गेली की लांबच्या आगरातले लोकही फावडी टाकून धावत यायचे. वडील म्हणायचे, "हिला भोंगा नको. हीच भोंगा हाय." ती म्हणायची, "भोंगा नसता तर तुमचं आगर कवाच खारीत गेलं असतं."

बी.एस्सी. झाल्यावर मला रोह्याला एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. माझ्या गुणपत्रिका आईने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून चुलीवर टांगलेल्या बांबूच्या माच्यावर ठेवल्या होत्या. तिथे पुढच्या सालचं बियाणं असायचं, सुके बोंबील असायचे, काडेपेट्या असायच्या. खाडीकाठच्या घरात पावसाळाभर सगळं ओलं होतं, मिठालासुद्धा पाणी सुटतं. चुलीवरचा माचा तेवढा कोरडा. म्हणून घरातली जपायची वस्तू तिथेच जायची. मुलाखतीला मी पिशवी उघडली तेव्हा साहेबांनी कागद नाकाशी नेला आणि विचारलं, "काय रे, ही गुणपत्रिका बोंबलाच्या जत्रेतून आणलीस का?" मी घाबरलो. ते हसले आणि पुढच्या आठवड्यापासून ये म्हणाले. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत. पुढे त्यांच्याच हाताखाली मी काम शिकलो.

रोह्यात मी खोली घेतली. शनिवारी शिफ्ट संपली की कोलाड, खांब, नागोठणे करत घरी यायचं आणि सोमवारी पहाटे परत. सोमवारची हाळी तशीच राहिली. रोह्याच्या खोलीत सकाळी जाग आली की मला आधी त्या आवाजाची आठवण व्हायची, आणि मग लक्षात यायचं की अजून बुधवारच आहे.

नोकरीला वर्ष झालं असेल. मिठाचा हंगाम सुरू होता, आणि आई बांधावर बसलेली दिसू लागली. आगरात बसणारी बाई कधी कोणी पाहिली नव्हती. टोपली डोक्यावर घेऊन दहा पावलं गेली की ती थांबायची. भर दुपारी अंगावर शाल. तोंडावर सूज, फणीत केसांचा पुंजका. बोलणंही हळू झालं. एक वाक्य संपवायला तिला इतका वेळ लागायचा की मीच ते पूर्ण करून टाकायचो.

शेजारची काकी बोलायला तिखट होती. ती एकदा दारातूनच म्हणाली, "पोराचा पगार चालू झाला तशी तुझी आये बाईसाहेब झाली रं. टोपलीला हात लावीत नाय." आई चुलीपाशी होती. तिने मान वर केली, काहीतरी म्हणाली, पण आवाज घोगरा आणि जड आला. काकी हसली, "आता बोलाया पन मानूस ठेव गो."

मला तेव्हा काकीचा राग आला. खरं सांगायचं तर थोडा आईचाही आला होता. मलाही वाटत होतं की ती ढिली पडली आहे.

मग एका सोमवारी नाक्यावर उभा असताना ती बांधावर चढलेली दिसली. तिने हात तोंडाशी नेले. मी वाट पाहिली. काहीच आलं नाही. वारा उलटा असेल असं मी मनात म्हटलं आणि तरीही "होऽऽ" ओरडलो. पुढच्या सोमवारी तसंच झालं. तिसऱ्या सोमवारी ती बांधावर चढलीच नाही. एसटी आली. मी चढलो खरा, पण नागोठण्यापर्यंत मला नीट बसवेना. घरातून निघालो आहे असंच वाटत नव्हतं.

त्या आठवड्यात मी रजा टाकली आणि वडिलांना बरोबर घेऊन तिला पेणला एका वयस्कर डॉक्टरांकडे नेलं. याआधी दोघांकडे जाऊन रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. या डॉक्टरांनी नाडी पाहिली, पायाच्या सुजेवर बोट दाबलं, आणि मग खुर्चीला टेकून म्हणाले, "तुम्ही जरा बोला बघू. काहीही बोला."

आई म्हणाली, "मी काय बोलू? मना काय बोलता येत नाय."

"आवाज कधीपासून असा?"

आम्ही तिघं एकमेकांकडे पाहू लागलो. हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता आणि आम्हीही कोणाला सांगितलं नव्हतं. वडिलांनी सांगितलं, "डाक्टर, हिची हाळी नाक्यावर जायाची. आता अंगणात पन जात नाय."

रक्त मुंबईला तपासायला गेलं, आठवड्याने कागद आला. थायरॉइड नावाची गळ्यातली ग्रंथी मंदावली होती. डॉक्टरांनी आईला समजावलं, "चूल विझलेली नाही, पण ओली लाकडं घातल्यासारखी धुमसते आहे. म्हणून थंडी वाजते, म्हणून अंग चालत नाही. ही गोळी रोज घ्यायची. आयुष्यभर."

"आयुष्यभर म्हंजे किती?"

"ते माझ्या हातात नाही. गोळी तुमच्या हातात आहे."

आईला हे आवडलं. तिने विचारलं, "आनि आवाज?"

"येईल. घाई करू नका. महिने लागतील."

गोळी सकाळी उठल्याबरोबर, उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर काही नाही, चहासुद्धा नाही. कोबी, फ्लॉवर, मुळा कच्चा खायचा नाही, शिजवून चालेल. मासळी भरपूर. आई म्हणाली, "कोबी आमच्यात कोन खातंय? म्हावरं चालतंय ना, मग झालं." शेवटी डॉक्टर म्हणाले की त्याने आजार बरा होणार नाही, पण घरात सगळ्यांनीच आयोडीनचं मीठ वापरावं, पुड्यातलं.

वडिलांनी खाली पाहिलं. तीस वर्षं त्यांनी मीठ पिकवलं होतं. घरामागे त्या वेळी माणसाच्या दीडपट उंच रास उभी होती.

"डाक्टर," आई म्हणाली, "आमी मीठ इकत घेतलं तर गाव आमाला खारीत बुडवील."

"गावाला सांगायचं कशाला?"

त्या दिवशी वडिलांनी पेणच्या बाजारातून मिठाचा पुडा घेतला आणि पिशवीत खाली ठेवून त्यावर पोहे टाकले. बांधावरून येताना भेटणाऱ्याला ते न विचारताच सांगत होते, "पोहे आनले, पोहे." पण काकीच ती. दुसऱ्याच दिवशी तिने चुलीमागे पुडा पाहिला. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मिठाच्या राशीवर बसून मीठ इकत आनलं? उद्या खारीचं पानी पन बाटलीत आनशीला!" आईने हळूहळू, एक-एक शब्द जोडत उत्तर दिलं, "ते मीठ नाय गो. औषद हाय." तेव्हापासून आमच्या घरात दोन बरण्या झाल्या. एक मिठाची आणि एक औषधाच्या मिठाची. जेवणात औषधाचं पडायचं. मासळी खारवायला आणि लोणच्याला मात्र घरचंच खडे मीठ. त्याबाबत आई कोणाचं ऐकणार नव्हती.

तो तासभर मात्र तिला जड गेला. उठल्याबरोबर गुळाचा कोरा चहा घेतल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. "पोटात काय नाय आनि तोंडात गोली," ती कुरकुरायची. घड्याळ कळत नसल्यामुळे तास मोजायचा कसा हा प्रश्न होता. मग तिनेच तोडगा काढला. गोळी घ्यायची आणि बांधाने उघाडीपर्यंत, म्हणजे खाडीचं पाणी आत सोडायच्या दारापर्यंत, चालत जाऊन परत यायचं. सुरुवातीला या फेरीला तिला दीड तास लागायचा. मे महिन्यापर्यंत तासाच्या आत येऊ लागली आणि चहा मागू लागली, तेव्हा वडील दारात उभे राहून म्हणायचे, "अजून येक फेरी मार, तास झाला नाय."

खरोखर ती सुधारत होती. आधी शाल गेली. मग तोंडावरची सूज उतरली आणि तिचं नाक पुन्हा दिसू लागलं. मेच्या शेवटी एका सोमवारी ती बांधावर चढली. हात तोंडाशी नेले. "पोच..." एवढंच माझ्यापर्यंत आलं, पुढचं मधेच फाटलं. पण आलं. मी असा ओरडलो की नाक्यावरचा चहावाला दचकला.

जूनमध्ये मी रोह्याहून दोनशे गोळ्यांची काचेची बाटली घेऊन आलो. पावसाळ्यात नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं की एसटी बंद व्हायची. मला दोन-दोन आठवडे येता आलं नाही तर गोळीत खंड पडायला नको म्हणून एकदम सहा महिन्यांची घेतली. आईने विचारलं, "कुठं ठेवू?" मी चुलीवरचा माचा दाखवला. माझ्या हातानेच बाटली बियाण्याच्या गाडग्याशेजारी नीट बसवून ठेवली. घरातली सगळ्यात चांगली जागा होती ती.

पावसाळ्यात माझं येणं तुटक झालं. गणपतीला घरी आलो तर आईच्या अंगावर पुन्हा शाल होती. आरतीला ती उभी होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. पुन्हा रक्त गेलं, पुन्हा कागद आला. पहिल्यापेक्षा वाईट.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चुकवता का?"

"येक दिस नाय."

"चहाबरोबर घेता?"

"नाय वो. पावसात छत्री घेऊन उघाडीवर जातंय मी, इचारा यांना."

डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली. परत येताना बांधावर मी तिला बोललो. मी शिकलेला होतो, म्हणून बोललो. "आये, खरं सांग. चहा आधी घेत असशील. नाहीतर गोळी लागू होणार नाही असं होत नाही." ती थांबली. मला वाटलं ओरडेल. पूर्वीची असती तर ओरडली असती. ती म्हणाली, "मी खोटं बोलतंय?" आणि पुढे चालू लागली. घरी गेल्यावर मी बाटली खाली काढली आणि तिच्यासमोर गोळ्या मोजल्या. जेवढ्या उरायला हव्या होत्या तेवढ्याच होत्या, एकही जास्त नव्हती. मी बाटली पुन्हा माच्यावर ठेवून दिली. ती माझ्याशी बोलली नाही. त्या सोमवारी मला हाळीची अपेक्षाही नव्हती.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. प्रयोगशाळेत माझ्या एका तपासणीचा आकडा जुळेना. तीनदा केली, तीनदा चुकली. मुलाखतीत माझे कागद हुंगणारे साहेबच आमचे वरिष्ठ होते. त्यांनी मी वापरलेली बाटली उचलली आणि म्हणाले, "ही कुठे होती?"

"ओव्हनच्या वरच्या फळीवर, सर."

"का?"

"दमट हवा होती सर. तिथे कोरडं असतं."

"लेबल कोणी लिहिलंय?"

"मी."

"वाच."

मी वाचलं. थंड आणि कोरड्या जागी ठेवावे.

"यातलं कोरडं तेवढंच वाचता येतं का तुला?" ते म्हणाले. "उष्णतेने आतलं सत्त्व मेलंय. आता ही दिसायला औषध, कामाला पाणी."

मी लेबलाकडे पाहत राहिलो. ते लेबल मी नोकरीला लागल्यापासून रोज लिहीत होतो. आमच्याकडे जिन्नस खराब होतो तो ओलीने. उष्णतेने काही बिघडतं हे मला पुस्तकातून माहीत होतं, घरातून नव्हतं. आणि आईची बाटली ठेवताना मी पुस्तक रोह्यात ठेवून गेलो होतो. साहेबांना वाटलं मला बोलणं लागलं. ते म्हणाले, "जाऊ दे, नवी बाटली घे." मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "घरची एसटी किती वाजता आहे? शिफ्ट मी बघतो. तू आत्ता जा."

घरी पोचलो तेव्हा आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी वर हात घातला. बाटली इतकी गरम होती की हातात धरवेना. उजेडात नेऊन पाहिलं तर गोळ्या पिवळट पडल्या होत्या. मी त्या मोजल्या होत्या, पाहिल्या नव्हत्या.

"आये, माझी चूक आहे. मी इथे ठेवली. शेकून शेकून गोळीत काही राहिलंच नाही. तू घेत होतीस ती नुसती पिठाची गोळी होती."

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. मी वाट पाहत होतो.

"म्हंजे मी घेत होतं?"

"हो."

"उपाशी पोटी?"

"हो गो आये."

"बरं झालं," ती त्या जड आवाजात म्हणाली. "मना वाटलं माझं आंगच खोटं झालं." मग भाकरी उलटून म्हणाली, "तिथं ठेवलीस ती काय वाईट म्हनून ठेवलीस?"

ती मला यापेक्षा काहीही बोलली असती तरी चाललं असतं.

डॉक्टरांकडे बाटली घेऊन गेलो. त्यांनी नवी बाटली दिली, आणि दुप्पट केलेली मात्रा पुन्हा निम्मी केली. खऱ्या गोळीची दुप्पट मात्रा हृदयाला झेपली नसती. ते म्हणाले, "चूक तुझी एकट्याची नाही. इतकी वर्षं इथे काढली, पण घरात औषध कुठे ठेवता हे मी कोणाला विचारलं नाही. आता विचारीन."

आईने नवी बाटली डब्यात घातली, डब्यात मूठभर तांदूळ टाकले आणि डबा पाण्याच्या हंड्यांपलीकडच्या गार कोनाड्यात ठेवला. मग वर हात घालून माझ्या गुणपत्रिकांची पिशवी खाली काढली. "जे गोलीला वाईट ते कागदाला पन वाईट असंल," म्हणाली आणि तीही डब्याशेजारी ठेवली.

तो हिवाळा आम्ही कोणी आवाजाबद्दल बोललो नाही. सकाळी तिची उघाडीची फेरी चालू होती. मी सोमवारी नाक्यावर उभा राहायचो, पण मागे वळून बघायचं बंद केलं होतं. बघितलं आणि ती बांधावर नसली तर पुढचा आठवडा कठीण जायचा.

मिठाच्या पहिल्या राशी लागल्या त्या दिवसांत एकदा एसटी लवकर आली. मी आत चढून खिडकीशी बसलो. कंडक्टरने घंटी वाजवली आणि तेवढ्यात हाळी आली. आवाज मधे चिरकला, पण तुटला नाही. आगरांवरून, राशींवरून सरळ खिडकीपर्यंत आला.

"पोचलास कायऽऽ?"

मी अर्धा खिडकीबाहेर जाऊन "होऽऽ" ओरडलो. एसटीतले सगळे माझ्याकडे बघू लागले. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"कोणाला हो म्हणता?"

"आईला."

त्याने वाकून बाहेर पाहिलं. पांढऱ्या राशी आणि बांध सोडून त्याला काही दिसलं नाही. "कुठाय आई?" मी बोट दाखवलं. तो म्हणाला, "एवढ्या लांबून?" आणि मग बाकीच्यांकडे वळून, "बघा, आणि आमची आई शेजारच्या खोलीतून हाक मारते ती ऐकू येत नाही."

त्यानंतर आई खूप वर्षं होती. गोळी तिने कधी चुकवली नाही. मी मात्र तीन-चार वर्षांत मोटारसायकल घेतली. घराच्या दारातून निघायचो आणि थेट रोह्याला उतरायचो. नाक्यावर उभं राहायचं कारण उरलं नाही. आईने काही दिवस बांधावर चढून पाहिलं असेल, नसेल, मला माहीत नाही. इंजिनाच्या आवाजात कळलं नसतं. आधी ज्या हाळीसाठी मी इतका तळमळलो, ती अशी माझ्याच सोयीने बंद झाली, आणि शेवटची कुठली होती ते मी लक्षातसुद्धा ठेवलं नाही.

आता आगरं नाहीत, तिथे खाडीची तिवराची झाडं वाढली आहेत. दोन वर्षांपूर्वी माझीही तीच ग्रंथी मंदावली. डॉक्टर म्हणाले, घराण्यात असतं. गोळी मी गार कोनाड्यात ठेवतो, आणि ती घेतल्यावर चहाआधी तासभर चालायला जातो. त्याच कोनाड्यात गुणपत्रिकांची पिशवी आहे. कधीतरी उघडून हुंगतो. धुराचा वास अजून आहे, थोडा बोंबलाचाही आहे. मग पिशवी बांधून ठेवतो आणि तास पुरा करायला बाहेर पडतो.